मॉल्डनचं चर्च: मिठाच्या भट्ट्या, राइसबाबांचा पलंग आणि डोंगरातली एक मंडळी

कनावाकाठ

मंडळी, नमस्कार.

गेली सात वर्षं मी वेस्ट व्हर्जिनियाच्या राजधानीत, चार्ल्सटनला राहतोय. कनावा नदीच्या काठाने पाचेक मैल वर गेलं की मॉल्डन लागतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला ॲपलॅचियाचे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत गाव. रस्त्यालगतच एक मजली लाकडी चर्च आहे. साधं उतरतं छप्पर, त्यावर घंटेपुरता छोटासा मनोरा. नाव आफ्रिकन झायन बॅप्टिस्ट चर्च, इमारत १८७२ सालची. बॅप्टिस्ट हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ. या राज्यातल्या कृष्णवर्णीय बॅप्टिस्टांचं हे मातृचर्च मानलं जातं. १९७४ पासून ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत आहे.

या चर्चचा विषय निघाला की गुलामगिरीत जन्मून पुढे कृष्णवर्णीयांचे मोठे शिक्षक आणि पुढारी झालेले बुकर टी. वॉशिंग्टन यांचं नाव येतंच. ते इथेच वाढले, या मंडळीचे, म्हणजे या चर्चच्या समुदायाचे, सभासद होते. पण ज्यांनी त्यांना वाढवलं त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला लिहायचंय ते त्यांच्याबद्दल.

सुरुवात मिठापासून करावी लागेल. मॉल्डनचं जुनं नाव कनावा सलाइन्स. इथे जमिनीखाली खारं पाणी आहे. रफनर बंधूंनी १८०६ ते १८०८ या काळात खडक फोडून खोल विहीर पाडली आणि पुढच्या काही वर्षांत नदीकाठी भट्ट्यांची रांग लागली. इथलं मीठ पिंपांत भरून नावांनी ओहायो नदीकडे जायचं. सिनसिनाटीला डुकराचं मांस खारवण्याचा मोठा धंदा होता, तो या मिठावर चालायचा. १८५० च्या जनगणनेत कनावा परगण्यात तीन हजारांहून जास्त गुलाम होते. त्यातले बरेच भाड्याने आणलेले. पूर्व व्हर्जिनियातल्या मळेवाल्यांकडे माणसं जास्त झाली की ते ती वर्षाच्या कराराने मीठवाल्यांना द्यायचे, साधारण नाताळपर्यंत. बायको एका मळ्यावर, मुलं दुसऱ्या, आणि नवरा दोनशे मैलांवर उकळत्या कढईपाशी. कुणी कढईत पडून भाजलं, कुणी बाष्पकाचा स्फोट होऊन गेलं, कुणी कोळशाच्या खाणीत गाडलं गेलं.

अशा उखडलेल्या माणसांची ही मंडळी. एका गावची, एका भावकीची अशी नव्हेच. मला वाटतं, म्हणूनच त्यांनी ती एवढी घट्ट धरली.

हा भाग तोवर व्हर्जिनियातच होता. १८६३ च्या जूनमध्ये वेस्ट व्हर्जिनिया वेगळं राज्य झालं. ३ फेब्रुवारी १८६५ ला इथली गुलामगिरी कायद्याने संपली. मॉल्डनला लागून टिंकर्सव्हिल नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती होती. तिथे लुईस राइस नावाचे उपदेशक राहायचे. लोक त्यांना 'फादर राइस' म्हणायचे. बॅप्टिस्टांत फादर ही पदवी नसते. ती हाक वयाची आणि मायेची आहे, म्हणून मी त्यांना राइसबाबा म्हणतो. मंडळी आधी त्यांच्या घरीच जमायची. पुढे त्याच घरात शाळाही सुरू झाली, आणि तीही निजायच्या खोलीत. सकाळी पलंग सोडवून बाजूला करायचा, फळकुटांची बाकं मांडायची, मुलं शिकून गेली की बाकं बाहेर आणि पलंग परत आत. रोजच्या रोज.

शिकवायला ओहायोहून आलेला विल्यम डेव्हिस नावाचा तरुण होता, अमेरिकेच्या यादवी युद्धातून परतलेला सैनिक. त्याचा पगार सरकारने दिला नाही. घराघराने दरमहा ठरावीक रक्कम काढली. आणि जेवण-राहणं? आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे ना, तसं इथे मास्तरांचे वार लागले. एकेक दिवस एकेका घरी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात लिहिलंय की 'मास्तरांचा दिवस' आपल्या घरी कधी येतो याची मुलं वाट बघायची, कारण त्या दिवशी घरात चांगलंचुंगलं शिजायचं.

लहानगा बुकर १८६५ मध्ये नऊ वर्षांचा होता. आई जेन आणि भावंडांबरोबर डोंगर ओलांडून, बरीचशी वाट पायी तुडवत तो मॉल्डनला आला. सावत्र वडील भट्टीवर होते. त्यांच्या पिंपांवर १८ हा आकडा घातला जायचा. बुकर आयुष्यात पहिल्यांदा जे काही वाचायला शिकला ते म्हणजे हे '१८'. शाळा सुरू झाली तरी भट्टी सुटली नाही. पहाटे कामावर, नऊ वाजता सुट्टी, आणि शाळाही नऊलाच. वेळेवर पोचता यावं म्हणून त्याने भट्टीच्या कचेरीतल्या घड्याळाचा काटा साडेआठवरून नऊवर सरकवायला सुरुवात केली. पुढे सगळ्या कामाचा घोळ व्हायला लागला, तेव्हा मुकादमाने घड्याळ कुलपात ठेवलं.

आणि मोठी माणसं? पन्नाशीतले, पंचाहत्तरीतले म्हातारे रात्रशाळेत बसायचे. मरण्यापूर्वी बायबल स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं, एवढीच इच्छा. रविवारच्या शाळेत मुख्य पुस्तक कुठलं, तर शब्दलेखनाचं. म्हणजे आपली अंकलिपी. गुलामांना लिहावाचायला शिकवणं व्हर्जिनियात कायद्याने रोखलेलं होतं, हे लक्षात घेतलं की ती भूक समजते.

१८७२ मध्ये मंडळीने मॉल्डनमध्ये हे चर्च उभारलं. त्याच वर्षी सोळा वर्षांचा बुकर व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनच्या शाळेला निघाला, सुमारे पाचशे मैल. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेली ती शाळा. त्याच्याकडे पुरेसे पैसे नव्हते. गावातली म्हातारी माणसं भेटायला आली. कुणी पाच सेंटचं नाणं दिलं, कुणी पाव डॉलर, कुणी रुमाल. आपल्यातला एक पोर घर सोडून मोठ्या शाळेत जातोय, हा दिवस आपल्या हयातीत येईल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

त्या देणाऱ्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत. त्यांच्यासाठी हा धागा.

मिठागर

फार छान लिहिलंय. मी उरणचा, घरात पिढ्यान् पिढ्या मिठाचं काम. आमच्याकडे भरतीचं पाणी कोंड्यात घ्यायचं, तापवायचं काम ऊन करतं. म्हणून प्रश्न पडला, तिथे भट्ट्या कशाला? आणि त्यात सरपण किती जात असेल?

कनावाकाठ

@मिठागर, तिथे समुद्र नाही आणि डोंगरात पाऊस, बर्फ, दमट हवा. उन्हावर मीठ धरणं त्या काळी परवडणारं नव्हतं. त्यामुळे खारं पाणी विहिरीतून उपसायचं आणि लांबलचक भट्टीवर ओळीने ठेवलेल्या कढयांत आटवायचं. आधी लाकूड जाळलं. आसपासचे डोंगर बोडके झाले तेव्हा १८१७ च्या सुमारास कोळसा आला. म्हणजे मिठासाठी खाणी आल्या, आणि खाणीतही तीच माणसं उतरवली गेली. बुकर यांनीही पुढे खाणीत काम केलं. त्या काळोखाची भीती त्यांनी लिहून ठेवली आहे.

वाचनवेडी

एक मनापासून पडलेला प्रश्न. ज्यांनी गुलाम केलं त्यांचाच धर्म या लोकांनी इतका आपला का मानला?

नगरी_माणूस

@वाचनवेडी, मी स्वतः ख्रिस्ती आहे, नगर जिल्ह्यातला. धागाकर्त्यांनी 'मंडळी, नमस्कार' लिहिलं आणि मला गंमत वाटली, कारण आमच्यात चर्चच्या सभासदांना मंडळीच म्हणतात आणि पास्टरला पाळक.

तुमच्या प्रश्नाबद्दल. मालक लोक गुलामांना जे ऐकवायचे ते म्हणजे 'दासांनो, धन्याची आज्ञा पाळा'. गुलामांनी त्याच पुस्तकात दुसरं शोधलं. इजिप्तमध्ये दास्यात पिचलेले लोक, फारोसमोर उभा राहणारा मोशे, समुद्र दुभंगून बाहेर पडलेली प्रजा. बायबलातल्या 'निर्गम' या पुस्तकातली ती गोष्ट त्यांनी स्वतःची म्हणून वाचली, किंवा वाचता येत नव्हतं तेव्हा ऐकली. रात्री रानात, ओहोळाकाठी, आवाज दाबून त्यांच्या उपासना व्हायच्या. गोऱ्यांच्या चर्चमध्ये त्यांना माडीवर किंवा मागे बसवत. म्हणून मुक्ती मिळताच त्यांनी केलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे तिथून उठून आपली चर्चं उभारणं. नावातलं 'झायन' म्हणजे आपल्या बायबलातलं सियोन. परत जायचं ते घर.

धागा वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते खेडेगावात मास्तर होते आणि रविवारी तेच उपदेश करायचे. खोली एकच. सोमवार ते शनिवार फळा भिंतीला, रविवारी तोच फळा उलटा करून त्यावर क्रूस. आमची महार-मांग वस्ती, गावच्या शाळेत पोरांना बाहेर बसवायचे. त्यामुळे ती खोली आम्हाला देऊळही होती आणि शाळाही. पलंग काढून बाकं मांडणारे राइसबाबा मला परके वाटले नाहीत.

आणखी एक धागा जुळतो. हॅम्प्टनची शाळा १८६८ मध्ये सॅम्युअल आर्मस्ट्राँग यांनी काढली. त्यांचे आईवडील हवाईत अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशन चालवणाऱ्या संस्थेचे मिशनरी होते. त्याच बोर्डाचं अमेरिकन मराठी मिशन मुंबईत १८१३ ला आलं आणि नगरला १८३१ ला. म्हणजे एकाच संस्थेची माणसं दोन्हीकडे पोचली होती.

कनावाकाठ

@नगरी_माणूस, उलटा केलेला फळा! हे वाचून काही वेळ काहीच लिहवेना. तुमच्या आजोबांबद्दल स्वतंत्र लिहा, विनंती.

ब्लू_रिज

मी नॉर्थ कॅरोलिनात, बूनजवळ असते. आधी एक सांगते. ॲपलॅचिया म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फक्त गोरे डोंगरी लोक येतात. याला कंटाळून केंटकीचे कवी फ्रँक एक्स वॉकर यांनी १९९१ मध्ये 'ॲफ्रिलॅचियन' (आफ्रिकन आणि ॲपलॅचियन मिळून) असा शब्दच घडवला. नाव मिळालं की माणसं दिसायला लागतात.

आमच्या बूनमध्ये जुनालस्का नावाची जुनी कृष्णवर्णीय वस्ती आहे, टेकडीच्या उतारावर. तिथलं चर्च मेनोनाइट ब्रदरन या प्रोटेस्टंट पंथाचं आहे. रशियातून कॅन्ससला आलेल्या जर्मनभाषक मेनोनाइटांनी १९०० च्या सुमारास जवळच्या एल्क पार्कला मिशन सुरू केलं, त्यातून ही मंडळी झाली. डोंगरात काय काय एकत्र येतं पाहा.

पण मला गाण्याबद्दल लिहायचंय. जुन्या बॅप्टिस्ट मंडळ्यांत एक पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. पुढारी एक ओळ भरभर म्हणतो, बोलण्या-गाण्याच्या मधल्या सुरात. मग सगळी मंडळी तीच ओळ उचलते आणि अगदी संथ, लांबवत, प्रत्येकजण आपापल्या मुरक्या घेत गाते. पेटी नाही, काही नाही. पुस्तकं थोडी आणि वाचणारे त्याहून थोडे, म्हणून ही रीत पडली. गाणी बहुतेक अठराव्या शतकातल्या इंग्लंडच्या आयझॅक वॉट्स यांची. कृष्णवर्णीय मंडळ्यांत तर या प्रकाराला नुसतं 'डॉक्टर वॉट्स' म्हणतात. केंटकीच्या डोंगरातले गोरे ओल्ड रेग्युलर बॅप्टिस्टही असंच गातात. दोघांच्या चर्चचे दरवाजे वेगळे, पण गाणं एक.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझ्या माहेरचं सप्ताहातलं भजन आठवलं. बुवांनी चरण टाकायचा, टाळकऱ्यांनी उचलायचा. चाल अगदी निराळी, पण ते 'उचलणं' तेच. अंगावर काटा येतो.

रोखठोक

लेख चांगला आहे, पण बुकर टी. वॉशिंग्टन यांचं एवढं कौतुक पचत नाही. १८९५ च्या अटलांटाच्या भाषणात त्यांनी राजकीय हक्क आणि सामाजिक समतेचा आग्रह मागे ठेवला. समान हक्कांचा आग्रह धरणारे कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांनी त्यांच्यावर कडक टीका केली, ती योग्यच होती.

कनावाकाठ

@रोखठोक, टीका मलाही पटते. आधी हातातलं काम शिका, हक्क मागून येतील, या सल्ल्याची किंमत दक्षिणेतल्या लोकांनी मोजली. पण मॉल्डनमध्ये बसून हे वाचलं की त्या सावधपणाचं मूळही दिसतं. ते मुलगा असताना मॉल्डनमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यात उघड मारामारी झाली. कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या टोळीचे ते दिवस. दोन्ही बाजूंना शंभरेक माणसं. जनरल लुईस रफनर कृष्णवर्णीयांच्या बाजूने मध्ये पडले, तर त्यांनाच इतकं मारलं की ते पुढे कधी पूर्ण बरे झाले नाहीत. त्यांच्या घरी बुकर कामाला होते. त्या पोराने ते पाहिलं आणि आपल्या लोकांना आता आशाच नाही असं त्याला वाटलं. हे त्यांनी स्वतः लिहिलंय.

आणि मंडळीबद्दलही ते आंधळे नव्हते. स्वातंत्र्यानंतर जो कुणी दोन अक्षरं शिकेल त्याला काही दिवसांतच 'देवाचं बोलावणं' यायचं, म्हणजे उपदेशक होण्याचं. माणूस उपासनेत बसलेला असताना गोळी लागल्यासारखा जमिनीवर कोसळायचा आणि तासन्‌तास निपचित पडायचा. दोनेकशे सभासदांच्या एका चर्चमध्ये अठरा उपदेशक होते, असं ते सांगतात. तेव्हा माणसांकडे मान मिळण्याची ती एकच जागा होती, म्हणून गर्दी झाली, असं मला वाटतं.

१८७५ मध्ये हॅम्प्टनहून ते मॉल्डनलाच मास्तर म्हणून परतले. सकाळी आठपासून रात्री दहापर्यंत काम. दिवसाची शाळा, रात्रीची शाळा, रविवारी सकाळी एक शाळा गावात आणि दुपारी दुसरी तीन मैलांवर. केस विंचरणं, अंघोळ, दातांचा ब्रश हेही शिकवायचे. त्यांनी उभारलेली अलाबामातली टस्कीगीची प्रसिद्ध शाळा १८८१ मध्ये आली. तिची तालीम या गावात झाली होती.

सत्यशोधन

तारखांकडे लक्ष गेलं. चर्चची इमारत १८७२ ची. १८७३ मध्ये पुण्याहून जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा, ही आशाही त्यात आहे. इकडे पुण्यात ती अर्पणपत्रिका छापली जात होती तेव्हा तिकडे पंचाहत्तरीचे म्हातारे अंकलिपी गिरवत होते. शूद्रातिशूद्रांच्या शाळा काढणाऱ्या जोतिबा-सावित्रीबाईंना राइसबाबांचा पलंग नक्की कळला असता.

वाचनवेडी

@नगरी_माणूस, उत्तराबद्दल खूप आभार. निर्गमाचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

आता तिथे उपासना होते का? माणसं उरली आहेत का?

कनावाकाठ

@वाचनवेडी, हा सगळ्यात अवघड प्रश्न. मिठाचा धंदा युद्धानंतर खालावत गेला. १८७३ मध्ये चेसापीक अँड ओहायो रेल्वे या खोऱ्यातून पूर्ण झाली आणि कोळशाचे दिवस आले. दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कामगार डोंगरात आले. पुढे इतिहासकार झालेले कार्टर वूडसन तरुणपणी फेएट परगण्यात खाणकाम करायचे. अशिक्षित खाणकामगारांना ते वर्तमानपत्रं वाचून दाखवायचे आणि त्यांच्या आठवणी ऐकायचे. वेस्ट व्हर्जिनियातल्या कृष्णवर्णीयांच्या सुरुवातीच्या शिक्षणाबद्दल त्यांनीच नंतर लिहून ठेवलं. १९२६ मध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह त्यांनी सुरू केला.

खाणवस्त्यांत चर्चला जागा अनेकदा कंपनीच द्यायची, पाळकाच्या पगारालाही हातभार लावायची. त्यामुळे संपाच्या वेळी पाळकाने कुणाच्या बाजूने बोलायचं, हा पेच असायचा. मॉल्डनचं चर्च त्या अर्थाने वेगळं, कारण ते मंडळीचं स्वतःचं होतं.

१९५० नंतर खाणीत यंत्रं आली आणि सगळ्यात आधी कृष्णवर्णीय कामगारांना काढलं गेलं. राज्यातली त्यांची संख्या १९५० ला सुमारे १ लाख १५ हजार होती, १९७० ला ती सुमारे ६७ हजारांवर आली. माणसं क्लीव्हलंड, डेट्रॉइट, शिकागोला गेली. मागे राहिली ती चर्चं आणि स्मशानभूमी. डोंगरातल्या अशा जुन्या दफनभूमीत बऱ्याचदा नाव कोरलेला दगडही नसतो. रानातला एखादा उभा दगड आणि जमिनीवर पसरलेली निळ्या फुलांची पेरिविंकल, आपल्या सदाफुलीच्या कुळातली वेल. रानात मध्येच ही वेल दाट दिसली की जाणते लोक पाय जपून टाकतात, कारण खाली कबरी असतात.

तरीही गेलेली माणसं येतात. उन्हाळ्यात 'होमकमिंग' म्हणून एक रविवार ठरलेला असतो. दुसऱ्या राज्यांतून गाड्या भरून कुटुंबं येतात, उपासना होते, आवारात टेबलं लावून जेवण होतं, कबरी साफ होतात. गावच्या जत्रेला मुंबईकर येतात तसंच.

आजीची_गोधडी

मी फक्त वाचत होते, पण त्या रुमालावरून पुढे जाता येईना. पैसे समजले. रुमाल का दिला असेल?

माझी आजी साताऱ्याकडची. माझे वडील शिकायला पुण्याला निघाले तेव्हा तिच्याकडे द्यायला चार आणे होते. ते तिने लुगड्याच्या धडप्याच्या तुकड्यात गाठ मारून दिले. चार आणे कधीच खर्चले गेले असतील. तो तुकडा मात्र वडिलांच्या पेटीत शेवटपर्यंत होता, आता माझ्याकडे आहे.

कनावाकाठ

@आजीची_गोधडी, रुमाल देणारीकडे नाणं नसावं, एवढंच मला वाटत होतं. तुमचं वाचल्यावर वाटतं, कदाचित दुसऱ्याने दिलेलं नाणं बांधायला तिने तो दिला असेल.

रविवारी मॉल्डनला जातोय. चर्चचे आणि नदीचे फोटो इथेच टाकतो. @मिठागर, तिथे जुन्या मीठवाल्यांच्या वंशजांनी २०१३ पासून पुन्हा मीठ काढायला सुरुवात केली आहे, आता उन्हाच्या उष्णतेवर, काचघरात. तुमच्यासाठी एक पुडी आणून ठेवतो.